सहीची रिकामी जागा

बाल्टिमोरच्या एका सलूनमध्ये वेण्या घालून घेणाऱ्या मुलीच्या मांडीवर एक अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त सहीची जागा रिकामी. माझा नंबर तिच्यानंतर होता.

"मान सरळ ठेव, टेविया. कसला कागद आहे?" वेण्या घालणाऱ्या बाईने विचारलं.

"रसायनशास्त्र सोडायचा अर्ज, मावशी. तीन आठवडे घेऊन फिरतेय."

"नापास झालीस?"

"बहात्तर मिळाले."

"आणि बाकीच्यांना?"

"शेजारच्या बाकावरच्या कॉनरला एकसष्ट. तो दर आठवड्याला सरांच्या खोलीत शंका विचारत बसतो."

"आणि तू?"

"एकदाही गेले नाही. वर्गात मी एकटीच काळी. मी विचारलं तर म्हणतील, ह्यांना जमतच नाही."

"कोण म्हणालं असं?"

"तोंडाने कुणीच नाही."

"अगं, मी घातलेल्या वेण्या दुसऱ्या दिवशी सुटायच्या. मला शिकवणाऱ्या मिस ओडेसाला रोज विचारून विचारून भंडावलं. तुझ्याच डोक्यावर शिकले मी."

"तरीच त्यात रसायनशास्त्र शिरत नाही!"

"हस, पण हलू नकोस. सही करणार आहेस का?"

तीन वेण्या झाल्यावर टेवियाने अर्जाची घडी घातली.

"मावशी, दोनपर्यंत आटप. तीनला सर खोलीत असतात. परीक्षेतला चौथा प्रश्न मला कळलेला नाही, तो विचारायला जाते."