सगळ्यांच्या फायलीवर गणपती

९ डिसेंबर, मंगळवार. सकाळी धुरकट, दुपारी कोरडं ऊन.

…नाही नाही, चूक तुमचीच आहे जयवंतराव, बसा आधी. कांदिवलीत इतकी वर्षं मी हे वधूवर सूचक केंद्र चालवतेय, एका बापानं अटॅचमेंट धड पाठवली असेल तर शपथ. बायोडेटा मेल करा म्हटलं, तुम्ही केलात — आणि फाइलचं नाव काय? ‘बायोडेटा’. अहो, इथे येणारी प्रत्येक फाइल ‘बायोडेटा’च असते. मुलीचं नाव घालायला काय पैसे पडतात? मोबाइल बिचारा पुढे एक, दोन, तीन असे आकडे लावत बसतो. उद्या शाळेत सगळ्या पोरींची नावं ‘मुलगी’ लिहिलीत, तर बाईंनी हजेरी कशी घ्यायची?

उघडून बघायची? उघडते ना, उघडत कशी नाही. उघडली की दिसतं काय — गणपती. खाली ‘श्री गणेशाय नमः’. तुमच्या फायलीवर तोच, दुसऱ्याच्या फायलीवर तोच. एवढ्याशा स्क्रीनवर गणपतीच मावतो, मुलगी खाली राहते. आमच्या शर्मिष्ठाताईंनी भाचीची पाठवली, त्यावर बुद्ध — ती एक तेवढी मला झटकन सापडते. बाकी सगळा उत्सव.

खाली सरकवायचं, हो, मला शिकवू नका. पण माणसानं दिवसभरात सरकवायचं तरी किती? कुणाचा फोटो आडवा, कुणाचा जेवण चालू असताना काढलेला, आणि एक तर झिप करून पाठवतो — झिप! मुलगी आहे की गाठोडं?

मरोळचं स्थळ ना, तेच विचारायला आलात, कळलं मला. सुयोगच्या आईचं उत्तर का नाही. काय म्हणता, ऋतिका दुसरं स्थळ बघायलाच तयार नाही? फोटो बघून नाकारली असं वाटतं तिला? जेवत नाही धड? काहीतरीच या आजकालच्या मुली. सांगा तिला, फोटो बघून कसे नाकारतील, त्यांनी तिचा फोटो बघितलाच नाही.

म्हणजे — नसेल बघितला, असं म्हणते मी.

असे बघू नका हो माझ्याकडे. त्या दिवशी दोन फायली लागोपाठ आल्या, तुमची आणि श्वेताच्या वडलांची. दोन्हींवर गणपती, एका पाटावर बसल्यासारखे. मी एक पुढे पाठवली. संध्याकाळी सुयोगच्या आईचा फोन, “प्रेमाताई, मुलगी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे माझ्या गुडघ्यांची सोय झाली.” तुमची ऋतिका बँकेत. तिथेच कळलं मला. पण बाई इतकी खुशीत, तिला काय सांगू — थांबा, ही नव्हे? म्हटलं बघून तर येऊ दे, नाही पटली तर दुसऱ्या दिवशी तुमची पाठवते. फाइल कुठे पळून जाते? तर पोरांना पटलं. मग मी मध्ये पडणारी कोण? आणि तुम्हाला तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते? ते जाऊ दे — नाव घातलं असतंत तर हे झालंच नसतं, एवढंच माझं म्हणणं.

उठलात? चहा टाकला होता. मोबाइल कशाला काढता आता, त्यांना मेल करून काय होणार आहे? उघडून बघतील, वर गणपती दिसेल, म्हणतील ही तर आलीय आपल्याकडे.

ऐका, घरी गेलात की नवीन फाइल करा. आधी मुलीचं नाव, मग गाव, मग जन्मसाल. आणि फोटो वर घ्या, सगळ्यात वर, देव काही रागवत नाही. जयवंतराव? निदान दार तरी ओढून घ्या जाताना.

२१ डिसेंबर, रविवार. मरोळच्या हॉलमध्ये सुयोग आणि श्वेताचा साखरपुडा झाला. ऋतिकाची नवीन फाइल आलेली नाही.