टीम नावाचा माणूस मला दाखवा

"टीम बघेल." हे काय उत्तर झालं? काल सकाळी पॅन्ट्रीत मी विहंगदादांना सरळ विचारलं, प्रमोदिनीताई बुधवारी चालल्या, मशीनमध्ये त्यांच्या नावाच्या जागी कुणाचं नाव घातलंत? तर म्हणतात, "मावशी, नाव नाही घातलं. तिथं टीम लिहिलंय. आता टीम बघेल." मी म्हटलं, ही टीम राहते कुठं? तळेगावात का लोणावळ्याला? तिला फोन केला तर उचलतं कोण? विहंगदादा हसले आणि कप घेऊन निघून गेले. मला काल हसू आलं नाही, आज पण येत नाही, आणि आता माईक हातात दिलाच आहे तर…

साहेब खूण करतायत. बरं. आधी मान देते, मग भांडते.

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक माननीय राजेंद्रसाहेब, व्यासपीठावर बसलेल्या डायलिसिस केंद्राच्या डॉक्टर शुभदाताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती प्रमोदिनीताई, कंपनीतली सगळी दादा-ताई मंडळी, आणि केंद्राच्या गाडीतून वेळ काढून आलेले पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं, तुम्हा सगळ्यांना भामाबाईचा नमस्कार. पहिल्या रांगेत माझी थोरली जाऊ सरूबाई बसली आहे. जाऊबाई, पाय वर घेऊन बसा, कोणी काही म्हणत नाही.

माझ्या आधी बोलले ते सगळे चांगलंच बोलले. ताई हुशार, ताई कष्टाळू, ताई मनमिळाऊ. मनमिळाऊ काही नाहीत. चहात साखर जास्त पडली की तोंड वाकडं करतात आणि अर्धा कप बेसिनमध्ये ओततात, सात वर्षं मी बघते आहे. पण ताईंनी काय केलं ते कोणी नीट सांगितलंच नाही. सगळे म्हणाले, "बिल्ड सर्व्हरचं इंटिग्रेशन केलं." गाडीतून आलेल्या माणसांना यातलं काय कळलं? म्हणून मी माझ्या बोलीत सांगते. चुकलं तर ताई बसल्याच आहेत.

आपल्याला डायलिसिसच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन येतो ना, "उद्या गाडी अमुक वाजता तमक्या ठिकाणी येईल," असं एक बाई बोलते? ती बाई खरी नाही. तिला आमच्या ऑफिसात बनवतात. तिच्या बोलण्यात, वेळेत, नावात काही बदलायचं असेल तर ही पोरं कॉम्प्युटरवर लिहितात. लिहिलेलं सगळं जोडून चालवून बघायला एक मशीन आहे, त्याला बिल्ड सर्व्हर म्हणतात. नीट चाललं तर हिरवं, बिघडलं तर लाल. दुसरी गोष्ट कोड रिव्ह्यू. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, "बरोबर आहे" असा शिक्का द्यायचा, मगच पुढं जायचं. तिसरा तो मोबाईलवरचा ग्रुप, जिथं सगळे निरोप येऊन पडतात. तिन्ही गोष्टी आमच्याकडं आधीपासून होत्या. पण एका घरात तीन चुली. मशीनला काय दिसलं ते शिक्का देणाऱ्याला माहीत नाही, आणि ग्रुपला तर दोघांचंही माहीत नाही.

आता मागच्या वर्षीच्या चैत्राचं सांगते. त्याची सुरुवात माझ्याच तक्रारीनं झाली, ते मी लपवत नाही. फोनवरची बाई म्हणायची, "अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी." आमच्या मळवलीत असं कोण बोलतं? जाऊबाई म्हणायची, "ही बाई टाईम सांगती का पाढे म्हनती?" मी ऑफिसात कटकट केली. ताईंनी मला खुर्चीवर बसवून सगळ्या वेळा बोलायला लावल्या आणि यादी केली. सव्वाअकरा, साडेअकरा, पावणेबारा. दीड, अडीच. ती यादी ताईंनी मशीनमध्ये घालून ठेवली, म्हणजे कोणी काही बदललं तर मशीननं माझ्या बोलण्याशी ताडून बघावं.

मग विहंगदादांनी बाईला नवीन बोलणं शिकवलं. पंधरा मिनिटं झाली तर सव्वा, तीस झाली तर साडे, पंचेचाळीस झाली तर पावणे, आणि पुढं तास लावायचा. सव्वाअकरा बरोबर. साडेअकरा बरोबर. आणि अकरा पंचेचाळीसला बाई म्हणाली, पावणेअकरा. पावणे पुढच्या तासाला लागतं, हे विहंगदादांना माहीत नाही असं थोडंच आहे? त्यांची आई अजून पावणेसातला उठवते त्यांना. पण तोंडाला माहीत असलेलं हाताला लिहिताना सुचलं नाही.

मशीननं लाल दाखवलं. कुणाला? स्वतःलाच. त्याचं पान कोणी उघडलं नाही. शिक्का तर आधीच मिळाला होता. ग्रुपवर त्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक चालले होते. बाईनं संध्याकाळी फोन करून सांगितलं, पावणेअकरा.

गुरुवारी जाऊबाई पावणेअकराला मळवलीच्या फाटकाजवळ जाऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. पाऊण तास बसली. तिला वाटलं, गाडी आपल्याला टाकून गेली. कोणाला विचारावं तर फोन सून घेऊन बंगल्यावर कामाला गेलेली. उठली, घरी गेली. पंधरा मिनिटांनी, बरोबर पावणेबाराला, ड्रायव्हर हौशीराम गाडी घेऊन आला. हॉर्न वाजवला, फोन लावला. सून तिकडं मोटार चालू करून झाडांना पाणी घालत होती, तिला ऐकू गेलं नाही. पुढं वाट बघणारे होते, हौशीराम तरी किती थांबणार? दुसरे पेशंट लवकर आले तरी थांबून राहिले, त्यांच्या खिशात मोबाईल होते. राहिली ती आमची सरूबाई, आणि तिचं डायलिसिस.

शुक्रवारी दुपारी तिला दोन पावलं चालवेना. पाय सुजलेले, छातीत पाणी, श्वास घेताना आवाज यायला लागला. शुभदाताईंनी तिला कसं सांभाळलं ते त्यांनाच माहीत. मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकच विचार करत होते, की ही तक्रार मी केली नसती तर?

चार दिवसांनी जाऊबाई घरी आली आणि त्या रविवारी प्रमोदिनीताई मळवलीला आल्या. एकट्या. मला वाटलं फळं द्यायला आल्या असतील. पिशवीत काही नव्हतं. खाटेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरूमावशी, लिहिलं दुसऱ्यानं, पण बरोबर आहे असा शिक्का मी दिला. वाचलं नव्हतं. चार ओळी होत्या, वाटलं काय चुकणार."

हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मी विहंगदादांना चार दिवस चहा दिला नव्हता.

जाऊबाई उशीला टेकून बसली. मग म्हणाली, "आमच्याकडं पावनं येळेच्या आधी आलं, की घरच्याची धांदल उडती. तुजं पावणं तासभर आदी आलं, आन् मीच पावनी हून दवाखान्यात जाऊन पडले." ताईंना हसावं का रडावं कळेना. जाऊबाई म्हणाली, "उबी का? बस की. आन् आता काय करनार ते सांग. चुकलं म्हनाया कुनीबी येतंय."

तुम्ही हसताय, पण ताई त्या दिवशी दोन तास बसल्या होत्या खाटेशेजारी, आणि उठताना एवढंच म्हणाल्या, "करते."

काय केलं? पहिल्यांदा चुकलंच. तिन्ही चुली एक केल्या, मशीनला ग्रुपशी जोडलं आणि जे काही होईल ते सगळ्यांना सांगायला लावलं. लाल झालं सांग, हिरवं झालं सांग, कोणी वाचलं सांग, कोणी वाचलं नाही तेही सांग. दिवसभर बारा टेबलांवर बारा फोन टुंग टुंग. तीन दिवसांत सगळ्यांनी त्या ग्रुपचा आवाज बंद केला. कुत्रं दिवसभर भुंकायला लागलं की चोर आला तरी माणूस उठत नाही.

ताई वैतागून पॅन्ट्रीत आल्या. भिंतीवर माझा कागद होता, "कृपया आपापले कप धुऊन ठेवावेत." त्याकडं बघत म्हणाल्या, "मावशी, या कागदानं किती कप धुतले गेले?"

"एक पण न्हाई."

"मग धुतले कसे जातात?"

"मी हाक मारते. विहंगदादा, निळा कप तुमचा. की उठतात."

"आणि विहंग जागेवर नसला तर?"

"शेजारच्याला सांगते, त्याच्या नावानं. तोबी नसला तर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवते."

साहेब, हसू नका, ठेवला होता मी एकदा. ताई मात्र हसल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, गावात ग्रामसभेची दवंडी देतात, पण दवंडी ऐकून कोणी लग्नाचं जेवायला येतं का? त्याला आवतण लागतं. दारात जाऊन, घरातल्या माणसाचं नाव घेऊन. ज्याला आवतण गेलं तो नाही आला तर त्याला विचारता येतं. दवंडीला न आलेल्याला काय विचारणार?

त्यानंतर ताईंनी जे केलं ते असं. मशीन लाल झालं की निरोप एकाच माणसाला जातो, नाव घेऊन, आणि ते पहिलं नाव ताईंनी स्वतःचंच घातलं. त्यानं वीस मिनिटांत "घेतलं" असं दाबायचं. नाही दाबलं तर दुसऱ्याला, त्यानं नाही दाबलं तर थेट साहेबांना. आणि लाल आहे तोवर शिक्क्याचं बटणच उघडत नाही, शिक्का देणारा केवढाही मोठा असू दे. वर्षभर लाल किती वेळा आलं ते मी मोजलं नाही, पण एकदाही ते गाडीपर्यंत पोचलं नाही. याला तुम्ही इंटिग्रेशन म्हणा. मला यात एक माणूस रोज स्वतःच्याच शिक्क्याच्या हाताला आवर घालताना दिसला.

आता माझं सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की भामाबाई दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते. मशीन ज्यांना विचारतं, त्या माणसांच्या यादीत ताईंनी माझंही नाव घातलं. बाईचं बोलणं बदललं की मशीन मला फोन करतं, मी ऐकायचं, बरोबर असेल तर एक दाबायचं. एका सकाळी फोन आला तेव्हा दूध उतू चाललं होतं. मी फोन कानाला लावलाच नाही, एक दाबलं आणि पातेलं उतरवलं. थोड्या वेळानं ताई आल्या.

"मावशी, फोन ऐकला?"

"ऐकला की."

"काय म्हणाली बाई?"

मी म्हटलं, "नेहमीचंच."

ताई म्हणाल्या, "मावशी, आज आवाज गेला होता तिचा. ती काहीच बोलली नाही."

जमिनीनं मला पोटात घ्यावं असं झालं. ज्या चुकीसाठी मी चार दिवस चहा बंद केला होता, ती मी एका लिटर दुधासाठी केली. ताई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बदललं. आता बाई एखादी वेळ बोलते आणि ती वेळ मला आकड्यात दाबावी लागते. न ऐकता दाबताच येत नाही.

त्या दिवसापासून मी याचा लय विचार केला. मला लाज का वाटली? तिथं माझं नाव होतं म्हणून. तिथं "हाऊसकीपिंग" असं लिहिलेलं असतं, तर मी म्हटलं असतं, दुसऱ्या कोणीतरी दाबलं असेल. मन लगेच पळवाट शोधतं. माझं शोधतं, तसं शिकलेल्यांचंही शोधत असणार.

साहेब, तुमचं म्हणणं मला माहीत आहे. तुम्ही मघाशी ताईंना म्हणालात, माणसं येतात-जातात, प्रत्येक वेळी नाव कुठं बदलत बसायचं? हो, बदलत बसायचं. भाडेकरू बदलला की दारावरची पाटी बदलतोच ना आपण? आणि टीम मी बघितली आहे. चैत्रात ग्रुपवर टीमच होती, बाराच्या बारा जण.

विहंगदादा, तुम्ही मागं का सरता ते मला कळतं. ज्याचा हात पोळलाय त्याला तवा धरायची भीती वाटते. मी तुमचंच नाव घाला असं म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. पण कोणाचं तरी घाला, आणि त्याला विचारून घाला.

ताई, तुम्ही पुण्याला मोठ्या ऑफिसात चाललात. तिथं तुमच्या चहाला साखर कोण बेताची घालणार ते मला माहीत नाही. जाऊबाईंनी तुमच्यासाठी इंद्रायणी तांदूळ आणलाय, आमच्या खाचरातला, जाताना पिशवी विसरू नका. तुम्ही आमच्या दारात येऊन जे बोललात, ते बोलायला येणारी माणसं मी फार बघितली नाहीत. सुखी राहा.

मला बोलायला उभं केलंत, साहेब, शुभदाताई, तुमचे उपकार आहेत. हे सगळं मी वहीवर लिहून आणलंय, चौथीच्या पुढं शाळा नाही, त्यामुळं मागंपुढं झालं असेल, मोठ्यांना टोचून बोलले असेन. मोठ्या मनानं पोटात घाला. पण माफी बोलण्याच्या पद्धतीपुरती मागते, बोलले त्याची नाही.

गुरुवारपासून लाल निरोप टीमला जाणार आहे, आणि गुरुवारी पावणेबाराच्या गाडीला मळवलीच्या फाटकावर सरूबाई उभी राहणार आहे. म्हणून साहेब, बुधवारी संध्याकाळी पाचला मी तुमचा चहा घेऊन केबिनमध्ये येते. मला तेव्हा एका माणसाचं नाव सांगा. आडनावासकट.