दुसरं हाड

अकोल्यात एक्स-रेच्या रांगेत माझ्या शेजारी मनकर्णाबाई आणि मानेला पट्टा लावलेली त्यांची लेक प्रणाली बसल्या होत्या.

“डॉक्टर काय म्हणे?”

“मानेतलं दुसरं हाड तडकलं असन म्हणे, फोटोत दिसंन. पहिल्या हाडावर डोकं खाली-वर होते, दुसऱ्यावर डावं-उजवं फिरते. कशानं झालं, विचारत होते.”

“तू काय सांगतलं?”

“गप्प राह्यली.”

“जावई बाहेर उभे हायेत. पायरीवरून पडली म्हण.”

“त्यानं मान मुरगाळली, आई. मले तुयाकडं घेऊन चाल.”

“तुया भावाचं लग्न तोंडावर हाय.”

“समोर येऊन बोल न. मले वळता येत नाई.”

मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“प्रणाली कोण? काय झालं होतं?” सिस्टरनं दारातून विचारलं.

“पायरीवरून पडली,” मनकर्णाबाई म्हणाल्या.