कासवीच्या गोष्टीचं शेवटचं पान

शेवटचं पान नाही म्हणता? — हो जी, माहीत आहे मले, तुम्ही काही पहिल्या नाही. बसा ना ताई, खुर्चीवरच्या वह्या जरा सरकवा — शाळेच्या आहेत, तपासाच्या राहिल्या. बाइंडिंगवाल्याची चूक म्हणून सांगते मी सगळ्याईले. दुसरी प्रत देते तुम्हाले, पुरी. पण तिथपर्यंत कशी वाटली? लेकीनं वाचली? मोठ्यानं वाचून घ्या तिच्याकडून, मोठ्यानं वाचाले चांगली आहे — आता लेखिका काय, आपलं चांगलंच म्हणंल — पण ‘कासवीचा कंदील’ घरात एक असावी अशी कादंबरी आहे. चित्रंबी आहेत. कासवी जरा बटाट्यासारखी आली, ते सोडा.

घेतली कुठून तुम्ही? बर्डीच्या बाजारात, वांग्यांसंगं ना? तेच. ती भाजीवाली म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई, बायजाबाई. दुकानात माझी कादंबरी मागच्या फळीवर पडून राहिली, अन् इथं वांग्याच्या पाटीतून धडाधड खपली. अक्षर येत नाही त्याईले. पण “माह्या सुनेनं लिवली, घे, पोराईले घे” — असं धरतात गिऱ्हाइकाले की नाही म्हणताच येत नाही. आता प्रकाशक म्हणते, बाई, दुसरी आवृत्ती काढू, काही बदल असला तं लवकर सांगा.

बदल काहून करू मी? चांगली आहे ना गोष्ट? कासवीले वाचाचं असते, ती काजवे जमवून कंदील करते, अन् ती म्हातारी सायाळ — अंगभर काटे — रोज येऊन फुंकून टाकते. शेवटी सारं रान मिळून सायाळीले नदीपार हाकलते. पोरं टाळ्या वाजवतात जी! शाळेत वाचून दाखवलं मी, बाकं बडवली पोराईनं. आता सायाळ कुठून सुचली — सुचते अशीच. लग्न झालं तेव्हा आमच्या घरी लाइट नव्हती, मी मॅट्रिकचा अभ्यास करून राहिली होती, अन् माय — मी मायच म्हणते त्याईले — येऊन चिमणी फुंकायच्या. “राकेल काय तुहा बाप पाठवते?” रोज. म्हणून सायाळ म्हणजे त्या, असं मी कुठं लिहिलं? फक्त तेवढं वाक्य जसंच्या तसं आलं. — जंगलात राकेल कुठून? — तोच तं विनोद आहे, ताई.

पुस्तक घरी आलं त्या दिवशी माय म्हणाल्या, “वाच वं प्रेमिला, मले ऐकव.” मी वाचलं — सायाळ वगळून. वगळता येते, लिहिणाराच वाचणारा असला की. गोष्ट बारकी झाली, पण माय खूश. दुसऱ्या दिवसापासून पाटीत प्रती. मग एका गिऱ्हाइकाची पोरगी तोंडावर म्हणाली, “आई, ही आजी सायाळीसारखीच बोलते!” मायनं विचारलं, कोण सायाळ? अन् शेजारच्या सुमतीकडून पुरं पुस्तक वाचून घेतलं, मी शाळेत असताना, माझ्याच अंगणात. मी घरी आली तं त्या मेथी निवडून राहिल्या होत्या. आता भांडतील म्हटलं — भांडल्या असत्या तं बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “नदीपार गेल्यावर काय खाल्लं वं तिनं?” मी म्हटलं, कोणी? “ते म्हातारी. लिवलं नाही तू.”

गोष्ट तिथं संपते, माय, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेकीकडे गेल्या, लकडगंजले. राग नाही म्हणतात — तिथून बर्डी जवळ पडते म्हणतात. आता तुम्हीच सांगा, जवळ पडते? हे घर बर्डीच्या मागं आहे! आमचे हे गेले होते आणाले, तं ह्याईच्या हाती मेथीची जुडी पाठवली. पुस्तकं मात्र विकून राहिल्या, पहिल्यापेक्षा जास्त. फक्त शेवटचं पान फाडून. एवढ्या कागदाच्या टंचाईत! बाइंडिंगवाला बिचारा फुकट शिव्या खाते.

अन् पानाच्या बदल्यात शेवट तोंडानं सांगतात म्हणे. साऱ्या बर्डीले सांगतात, सुमतीले सांगितला — ती मले सांगत नाही, मायनं शपथ घातली म्हणते. मी विचाराले गेली नाही. काहून जाऊ? लेखिका मी आहे. — तुम्हाले सांगितला असंल ना? नाही, सहज विचारते, दुसऱ्या आवृत्तीपुरतं —

काय? — थंडीत बसून राहते, नदीपार? उपाशी. बरं. मग? — कंदील दिसते. कोणाचा? — कासवी? कासवी जाते आणाले? रानानं पाठवलं असंल तिले. — नाही? आपल्या मनानं? अन् काय म्हणते ती सायाळीले, माफी मागते? — काहीच नाही म्हणत. नुसती जाऊन उभी राहते.

हं.

उठा ताई आता. — नाही जी, तुमच्यावर नाही रागवली. मलेबी निघा लागते, बाजार उठाची वेळ झाली, एकदा लकडगंजची वाट धरली तं तिथं सापडाच्या नाहीत माय. पुरी प्रत पाहिजे तं ती फळीवरची घ्या. — राहू देता? बरं. — ही पिशवी? रिकामीच आहे. त्याईचं लुगडं अन् पांघरूण लेकीकडेच आहे ना, तिथून भरून आणू दोघी. चला, तुम्ही व्हा पुढं, मी कडी लावते.