कुंपणाला टेकलेलं उत्तर

(अकोला, जुने शहर. दुपार. अंगणात किसनराव, त्यांची वहिनी पार्बताबाई आणि तिची मुलगी मंजुषा.)

किसनराव : मंग? आलं का तुह्या कॉम्प्युटरचं उत्तर?

मंजुषा : आलं.

किसनराव : तोंड तर नाई आल्यासारखं दिसते.

मंजुषा : तेच परत आलं, काका. म्हणून.

पार्बताबाई : तेच म्हणजे कोणतं? मले समजन असं सांग वं. तू तर अमरावतीले पाइपलाइनीचं शिकाले गेल्ती.

मंजुषा : तेच शिकते आहे, आई. चार गावांना पाणी द्यायचं असेल तर टाकी कुठे बांधावी, म्हणजे पाइप कमीत कमी लागेल. ती जागा गणितानं शोधायची. मनात आलं, टाकीची जागा सापडते, तर बाबांची का नाही सापडणार.

किसनराव : टाकी एका जागी बसते, पोरी. सूर्यभानभाऊ बसणारातला होता का? ध्यान फिरल्यापासून तर पाय थाऱ्यावरच नव्हता. घराचा रस्ता विसरला, पण चालाचं नाई विसरला.

मंजुषा : म्हणून तर अवघड होतं.

किसनराव : अवघड माह्यं आहे. माह्या पोरीच्या, रूपालीच्या, सासरचे इचारून राह्यले, हळदीले तुमची वहिनी सवाष्णीत बसन का नाई. काय सांगू मी? तिसरं वर्ष लागलं. ज्याचा देह सापडत नाई, त्याचा पळसाच्या पानाचा पुतळा करतेत, अग्नी देतेत, तेरवी करतेत. महाराज अमावस्या देऊन बसला. अन् तू म्हणते, थांबा काका, गणित चालू आहे.

पार्बताबाई : मी हळदीले चुलीपाशी बसन, म्हणून सांगा त्यायले. तिथं कुंकू कोणी पाहत नाई. तू सांग, मंजू. शोधते कसं थे?

मंजुषा : डोळे बांधून माणसाला टेकडीवर सोडलं, तर तो खाली कसा उतरेल? पाय पुढे टाकून उतार चाचपेल. जिकडे उतार, तिकडे एक पाऊल. पुन्हा चाचपायचं. जिथे चारी बाजूंनी चढच लागतो, तिथे थांबायचं. माझ्या नकाशात उंची म्हणजे चूक. बाबा अमुक जागी असतील असं धरलं, तर ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांचं सांगणं जितकं खोटं पडेल, तितकी ती जागा उंच. कमीत कमी खोटं पडेल, ती सगळ्यात खोल.

किसनराव : पाह्यलं म्हणणारे कोण? थो धारणीचा जीपवाला? मले म्हणे, पिवळं धोतर होतं. भावानं जिंदगीत पिवळं नेसलं नाई.

मंजुषा : त्याचं सांगणं हलकं धरलं मी. नांदगाव खंडेश्वरच्या बाजारातल्या फुलवालीचं जड धरलं. तिच्याकडे एक म्हातारे आले, झेंडूच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाले, आतून ओला आहे, सडते.

पार्बताबाई : थे त्यायचंच बोलणं आहे.

किसनराव : कोणत्याई माळ्याचं आहे, वहिनी. मी बी म्हणतो. मंग खोल कुठं निघालं?

मंजुषा : इथे.

किसनराव : इथं म्हणजे अकोल्यात?

मंजुषा : या घरात.

किसनराव : हे पहा. याच्यासाठी महाराजाले थांबवलं.

मंजुषा : मलाही आधी हसू आलं, काका. सुरुवात मी घरापासूनच केली होती. डोळे बांधलेला माणूस जवळच्या खड्ड्यात उतरतो आणि तोच तळ समजतो. पलीकडे दरी असली तरी त्याला कळत नाही. आमच्या प्रणाली मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, सुरुवात बदलून बघायची. मग धारणीच्या जंगलातून सोडला. नांदगावहून सोडला. मुद्दाम पार तापीच्या काठावरून सोडला. कुठूनही सोडला तरी घरी आला.

किसनराव : सोडला, सोडला. कोणाले सोडला?

मंजुषा : ठिपका असतो, काका. नकाशावर सरकतो.

पार्बताबाई : येते कसा थो? सरळ?

मंजुषा : नाही. पुढे जातो, बाजूला होतो, थोडा मागे येतो. घर जवळ आलं की पावलं लहान होत जातात.

पार्बताबाई : हो.

मंजुषा : आई, ते गणितात तसंच असतं. उतार कमी झाला की पाऊल लहान पडतं.

पार्बताबाई : असन. गल्लीत वळले की त्यायचे पाय असेच बारीक पडत. घर हेच का नाई, असं मनात येत असन.

किसनराव : बस झालं, मंजू. बंद कर. तुह्यी माय रात्रीची झोपणार नाई.

मंजुषा : मी झोपते असं वाटतं तुम्हाला? पूर्ण सांगू द्या. मॅडम म्हणाल्या, वडील घरात नाहीत हे तुला माहीत आहे, पण गणिताला कुठे माहीत आहे? घराभोवती कुंपण घाल, आत यायची मनाई कर.

किसनराव : बराबर बोलली बाई.

मंजुषा : घातलं कुंपण. उत्तर कुंपणाला टेकून उभं राहिलं.

किसनराव : टेकून म्हणजे?

मंजुषा : बाहेरून. अगदी कडेला. मग कुंपण वाढवलं. गल्लीएवढं, मग जुन्या शहराएवढं, मग सगळ्या अकोल्याएवढं. दर वेळी तो मागे सरला आणि नव्या कुंपणाशी येऊन थांबला.

पार्बताबाई : पोरी, बापाले कुंपण घातलं तू?

मंजुषा : बाबांना नाही, आई. ठिपक्याला.

किसनराव : वहिनी, रडू नका. मंजू, हे असं काहून होते, थे तरी सांगतलं का तुह्या बाईनं?

मंजुषा : त्यांना नाही विचारलं. काल बसमध्ये माझं मलाच कळलं. आपण शोधायला निघालो ते या घरातूनच. तुम्ही बडनेऱ्याला, मी धारणीला, तुमचा कुलदीप वाशीमला. जिथे फोटो दाखवला तिथे कोणीतरी पाहिलं म्हणालंच. माणसं चांगली असतात, नाही म्हणवत नाही त्यांना. त्या सगळ्या खुणा घराभोवती पडल्या आणि त्यांच्या मध्ये आलं घर. गणितानं बाबांना शोधलंच नाही, काका. आपण कुठे कुठे फिरलो, ते शोधून दिलं.

किसनराव : म्हणजे भाऊ त्याच्यात कुठंच नाई.

मंजुषा : कुठेच नाहीत.

किसनराव : बडनेऱ्याच्या फलाटावर एका भिकाऱ्याचा चेहरा धुऊन पाह्यला होता मी. माह्या हातानं. सांगतलं नाई तुमाले.

पार्बताबाई : मंजू, कुंपणाच्या कोणत्या अंगाले उभा राहते थो?

मंजुषा : का गं?

पार्बताबाई : सांग.

मंजुषा : दर वेळी एकाच बाजूला. मागच्या दाराच्या. तेवढं मात्र मला उलगडलेलं नाही. मोर्णा खाली जाते ना, त्या अंगाला. कुंपण वाढवलं की तो नदीच्या कडेनंच मागे सरकतो. खुणांनी ओढला असता तर उलट दिशेला जायला हवा होता. नदीकाठाला आपली एकही खूण नाही.

किसनराव : नाई कशी? तिकडं कोण गेल्तं?

मंजुषा : तेच बघितलं मी. कोणीच नाही. स्टँड, बाजार, दवाखाने, देवळं, सगळं पाहिलं आपण. नदीकाठानं कोणी विचारतच गेलं नाही.

किसनराव : भादवा होता. पूर होता नदीले.

मंजुषा : म्हणूनच गेलो नाही ना, काका?

किसनराव : तिकडं कोणाले इचाराचं होतं? पाण्याले?

पार्बताबाई : मीच कोणाले जाऊ नाई देलं तिकडं. बडनेऱ्याले जा म्हटलं, धारणीले जा म्हटलं. लांब लांब धाडलं तुमाले.

मंजुषा : आई, ठिपका आहे तो. माझं कुठेतरी चुकलं असेल. मॅडमना दाखवते, परत करते.

पार्बताबाई : नको करू.

किसनराव : महाराजाले काय सांगू मंग?

मंजुषा : आईला विचारा.

पार्बताबाई : अमावस्या देली ना त्यानं? अमावस्याच राहू द्या. कुठं करते?

किसनराव : घाटावर. नदीवरच करा लागते, वहिनी. पानं मी पातूरकडून आणतो. पुतळा महाराज बांधते. तुमी दोघी वरच्या पायरीवर बसा.

पार्बताबाई : बांधाच्या वक्ताले मले खाली बोलवा. डावा खांदा जरा उतरता ठेवाले सांगीन.

किसनराव : पानाचा पुतळा असते थो. त्याले कुठचा आला खांदा?

पार्बताबाई : फुलाच्या टोपलीनं उतरला होता त्यायचा. सरळ बांधला, तर त्यायले समजन कसं, भाऊजी, का हा आपलाच आहे म्हणून?