कडेची पात

(हसनाबादचं रान, निजामाची अमदानी. सुटीत आलेली शरयू आत्याबरोबर कापूस वेचते आहे; प्रत्येकीच्या वाट्याला एकेक पात, म्हणजे ओळ.)

शरयू : आत्या, ती कडेची पात मला दे ना. सावली आहे तिकडं.

चतुराबाई : न्हाई. ती माझी. तू मधी राह्य. अन् गोष्ट फिरवू नको. कालेज सोडते म्हणून काहून सांगितलं बापाला?

शरयू : झेपत नाही अभ्यास.

चतुराबाई : कुणाला शिकवून राह्यली? मॅट्रिकला पहिली आल्ती तू!

शरयू : आत्या... वर्गात आम्ही मुली पडद्यामागं बसतो. प्रोफेसर वही बघायच्या निमित्तानं आत येतात. शेवटच्या खुर्चीपाशी. नव्या मुलीची जागा ती. पाठीवरून हात फिरवतात.

चतुराबाई : हात झडो मुडद्याचे! बाकीच्या पोरी?

शरयू : माना खाली घालतात. मी तरी कुठं बोलले? अण्णांना कळलं तर कॉलेजच बंद करतील.

चतुराबाई : मंग त्यायच्या आधी तूच बंद करून राह्यली की!

शरयू : काय करू मग?

चतुराबाई : ऐक. मी नवी नवरी आल्ते इथं. नव्या सुनेला कडेची पात, असा रिवाज. कारभारी नावाचा मुकादम व्हता. ‘वेचणी बराबर न्हाई’ म्हणायचा अन् मनगट धरायचा. मी इहिरीवर जाऊन रडायची. संगं वेचणाऱ्या सोनूबाईनं वळखलं. म्हणली, ‘माझंबी धरलं व्हतं.’ पुसत गेलो, तर समद्यायचंच धरलेलं!

शरयू : अगं बाई!

चतुराबाई : दुसऱ्या रोजी सोनूबाई कडेला. तो आला तसं हिनं गाणं उचललं, ‘कडेच्या पातीला गं, कारभाऱ्याचं काय हरवलं?’ समद्या जणी उभ्या राहून, ‘हुडका गं बायांनो, हुडका!’ खालच्या रानातले गडीबी हासाया लागले. अजून आठवलं की पोट दुखतं माझं. काय दिवस व्हते, पोरी!

शरयू : परत आला तो?

चतुराबाई : जलमभर बांधावरूनच मुकादमकी केली त्यानं.

शरयू : वर्गात गाणं कसं म्हणणार गं?

चतुराबाई : गाणं ऱ्हाऊ दे. आधी एकीला तरी पूस.

शरयू : उमाला विचारते. माझ्या आधी ती बसायची तिथं. मग सगळ्यांना. ते आत आले की साऱ्यांनी एकदम उठायचं, ‘प्रोफेसरसाहेब, इकडं काय हरवलं तुमचं?’

चतुराबाई : आस्सं! आता बापाला सांग, गाडीचं टिकीट काढा म्हणावं.

शरयू : जायच्या आधी सोनूबाईला भेटव ना मला.

चतुराबाई : सोनूबाई गेली गं, पटकीच्या साथीत. तवर कडेला तीच राह्यची. लई याद येती. तवापासून कडेची पात मी कुणाला देत न्हाई.