शेपटीचं चाक

स्कूटरचा एक पार्ट भेटत नाई म्हणून काऊन रडून राह्यला रे? चहा घे अन् माझं आयक.

मी तेव्हा नागपूरले विमानाचा मिस्त्री होतो. लढाईच्या काळातलं एक छोटं, दोन सीटांचं विमान आम्ही दुरुस्त करत होतो. सगळं जमलं, पण शेपटीचं चाक कुठीच भेटेना. मुंबई झाली, कलकत्ता झालं. साहेब म्हणाले, "महिनाभरात चाक आणलं नाई, तर विमान भंगारात देईन."

तेवढ्यात चांद्याचा एक लाकूड ठेकेदार बोलला, "अस्संच विमान लढाईच्या वक्ती एटापल्लीकडं जंगलात पडलं होतं." गेलो मग बैलगाडीनं.

चाकाचं विचारलं, तर तिथले म्हातारे पाटील, लालसूभाऊ, चाक घेऊनच बाहेर आले. रबर तडकलं होतं, पण बोटानं ढकललं तर चाक गरागरा फिरलं!

"भाऊ, हे इतकं चांगलं कसं राह्यलं?"

"दर पोळ्याले गाडीच्या आखाले मोहाच्या टोळीचं, म्हंजे बियांचं, तेल देतो, तसं यालेबी देतो. तो विमानवाला आमच्या घरी आंबील पिऊन गेला. 'सांभाळा' म्हणे. पाहुण्याची वस्तू हाय."

मी सरळ पायावर डोकं ठेवलं. "भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?"

म्हातारा चिडलाच. "उपकाराचं राहू दे. बाकीचं विमान कवा नेता ते सांग. गोठ्यात ठेवलं हाय. दहा वर्षं झाले, माझे बैल बाहेर बांधून राह्यलो!"